मुशींच्या पाण्यातले नथुभाई

नथुभाईंच्या डाव्या बाजूला बसून काही बोललं की ते वाया जायचं. त्यांचा डावा कान पुरता गेलेला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ज्याचं त्यांच्याकडे काम असे तो उजवीकडे बसे, आणि ज्याला त्यांच्या देखत त्यांची निंदा करायची असे तो डावीकडे. मी गावात नवी. शाळेवर रुजू व्हायला आले त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर नेमकी डावीकडे टेकले आणि मला खोली कशी हवी, दार रस्त्याकडे नको, चूल कुठे मांडता येईल, असं बराच वेळ सांगत राहिले. ते मान खाली घालून दोर वळत होते. शेवटी आतून त्यांच्या पत्नी जमनाभाभी बाहेर आल्या आणि ओरडल्या, "आयकी ऱ्हायनात का? बाई कव्हयन्या बोली ऱ्हायन्यात!"

नथुभाई अख्खे वळले. "बाई, आठे बसा, उजवीकडे. तो कान समुद्रमा राही गया."

मला वाटलं, थट्टा आहे. तापीकाठच्या केळी-कापसाच्या गावात समुद्र कुठला? पण ते खरंच सांगत होते.

हे गाव शहादा तालुक्यातलं. जिल्हा तेव्हा धुळे होता; नंदुरबार जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. शाळा लोकल बोर्डाची होती ती माझ्या देखत जिल्हा परिषदेची झाली, म्हणजे साठ सालाच्या आसपासचा हा काळ. मी नाशिकची, नुकती ट्रेनिंग संपवून आलेली. नथुभाईंच्या घराची पुढची खोली मला मिळाली आणि पुढची कित्येक वर्षं आमच्यामध्ये एक भिंत तेवढी होती.

जातीने ते गुजर, घरचे बागायतदार. लहानपणापासून तापीत डुंबणारा हा मुलगा एक दिवस वडिलांशी भांडून नंदुरबारला गेला, सुरतेच्या गाडीत बसला आणि तिथून मुंबईला पोचला. गोदीत हमाली केली, मग नौदलाच्या भरतीच्या रांगेत उभा राहिला. पोहणं पाहून त्याला पाणबुड्यांच्या तुकडीत घेतलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काच आणि पायांत बदकासारखे रबरी पंजे घालून पाण्याखाली जायचं, ही कला आपल्याकडे तेव्हा अगदी नवी होती. ती शिकलेल्या पहिल्या काही माणसांत आमच्या या गावचा नथू होता. सर्दी झालेली असताना एकदा खोल उतरला आणि कानाचा पडदा फाटला. पडदा पुढे भरून आला, ऐकू येणं मात्र परत आलं नाही. नोकरीची मुदत संपली तशी गावी येऊन ते वडिलांच्या केळीला पाणी भरू लागले.

समुद्र सुटला तरी त्याच्या काही सवयी अंगाला चिकटून राहिल्या होत्या. वाचायचा चष्मा लावण्याआधी ते दोन्ही काचांवर थुंकत आणि बोटाने पुसून मग तो नाकावर चढवत. पाण्याखाली काच धुरकट होऊ नये म्हणून पाणबुडे असं करतात. केळीच्या बागेत काच कशाने धुरकट होणार होती? जमनाभाभींना त्याची किळस येई. पाहुण्यांसमोर तरी करू नका, असं त्या लग्न झाल्यापासून सांगत होत्या. दुसरी सवय हातवाऱ्यांची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'सगळं ठीक', अंगठा वर केला की 'वर चला'. लग्नाच्या पंगतीत बायकांच्या रांगेतल्या जमनाभाभींना ते लांबून अंगठा दाखवत, म्हणजे 'उठा, घरी जाऊ'. एकदा नव्या तलाठ्याला त्यांनी असाच अंगठा दाखवला, तर आपल्याला निरक्षर म्हटलं असं समजून तो रागावून निघून गेला.

बोलणं थोडं. माझ्याशी बोलताना नौदलातली हिंदी, शाळेतली मराठी आणि घरची भाषा यांची मिसळ असे. एक वाक्य मात्र नेहमी त्याच चालीवर येई, "खाले जावाले ताकद लागस, बाई. वर येवाले अक्कल." कोणी लग्नात फार खर्च केला, कोणी भावाशी कोर्टात गेला, की ते हेच म्हणत.

गावाच्या लेखी त्यांच्या विद्येचा उपयोग एकच होता. विहिरीत पडलेली वस्तू काढणे. घागर पडली, रहाटाचं चाक निसटलं, इंजिनाच्या पाइपाला तळाशी काही अडकलं की नथूला बोलवा. ते जात, कमरेला दोर बांधत, विहिरीकडे एकदा नीट पाहत आणि उतरत. वर आल्यावर चहा घेत, दुसरं काही नाही.

घागरींखेरीज माणसंही काढावी लागत. त्या बाजूला विहिरी खोल, आणि विहीर जवळ करणाऱ्या बहुतेक बायकाच असत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या मंजुळाच्या वेळी मी ते पाहिलं.

मंजुळा नवी सून होती, विशीचीही नसेल. माझ्याकडे सुई मागायला यायची आणि परत करताना तिच्यात दोरा ओवून आणायची, म्हणजे मला लगेच शिवायला घेता यावं. एका सकाळी शाळा भरायच्या वेळेला गलका झाला. मी गेले तेव्हा विहिरीभोवती माणसं दाटली होती. पोलिस पाटील होते. कोणीतरी बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला होता आणि तो दोराला बांधून आत सोडण्याची तयारी चालली होती.

नथुभाई शेतातून धावत आले. गळ पाहिला आणि थांबले. मग तो त्या माणसाच्या हातातून काढून घेतला.

"ती काय बादली शे का?" ते म्हणाले.

ते उतरले. वर आले तेव्हा मंजुळा त्यांच्या खांद्यावर होती आणि तिचा पदर त्यांनी तिच्या अंगाभोवती नीट खोचलेला होता. खाली, पाण्यातच खोचला असणार. तिला बाजेवर ठेवली, आपला दोर गुंडाळला आणि कोणाशी न बोलता ते परत शेताकडे गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत केळीला पाणी धरत राहिले. जमनाभाभी मला म्हणाल्या, "दरखेपले असंच करतस. काही इचारू नका, बाई."

भांडी घासताना मंजुळाचा पाय घसरला, असं गावाने ठरवलं.

तेव्हा उन्हाळा लागत होता. पावसाळ्यानंतर शाळेत सागरांचा पाठ निघाला तेव्हा मी नथुभाईंना वर्गात बोलावलं. नकाशावर बोट ठेवण्यापेक्षा समुद्र पाहिलेला माणूस मुलांनी पाहावा, एवढाच विचार होता. ते कोट घालून आले. खडू घेऊन त्यांनी एक बेट काढलं. लक्षद्वीपच्या बाजूचं. बेटाभोवती उथळ हिरवं पाणी, आणि त्या पाण्याला कुंपण घालावं तशी पोवळ्याची भिंत. भिंतीच्या आत लहान मुलाच्या कमरेइतकं पाणी, आणि भिंतीबाहेर पाऊल टाकलं की तळच नाही. भिंतीला एका ठिकाणी खिंड होती. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून ये-जा करी, आणि तिथेच मुशी जमत. मुशी म्हणजे शार्क. बेटावरचे कोळी त्या खिंडीत जाळं टाकत नसत.

पोरं पुढे सरकली.

"नथूबाबा, मासा कितला मोठा व्हता?"

"एक खाटलाइतला. एक तुन्हा बापना गाडाइतला."

"तो तुमले खावाले उना नही का?"

"माले दखीसन त्यान्ही भूकच मरी गयी."

वर्ग हसला. नथुभाई हसले नाहीत. "दखा पोरेहो, ते त्यासनं घर व्हतं. आपन पाव्हना. पाव्हनानी दुसरान्हा घरमा पयापय करानी नही. गुमान ऱ्हावानं. तो येस, दखस, निंघी जास."

मग त्यांनी खिशातून फुगा काढला. अर्धवट फुगवून म्हणाले, पाणबुड्याची छाती अशी. खोल पाण्यात घेतलेली हवा दाबलेली असते. वर यावं तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि हवा फुगत जाते. म्हणून वर येताना श्वास रोखायचा नाही, सोडत सोडत यायचं. "नही सोडा ते?" एका मुलीने विचारलं. त्यांनी फुगा फुगवत नेला आणि तो फुटला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "एवढे शार्क होते म्हणजे तुमच्यातला कोणीतरी गेला असेलच की, नथुभाई?"

नथुभाईंच्या हातात फुटक्या फुग्याचं रबर होतं. ते त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं, "आज इतलंच," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या रविवारी मी केळफूल आणायला बागेत गेले होते. ते पाटाच्या कडेला बसले होते. मला उजवीकडे बसवलं आणि मी काही न विचारताच ते बोलायला लागले. त्यांना इतकं सलग बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

त्यांच्या जोडीला गोपाळ नावाचा मालवणकडचा मुलगा होता. कोळ्याचा पोर. पाणबुड्यांची जोडी ठरलेली असते, एकट्याने उतरायचं नाही. गोपाळ नथुभाईंपेक्षा उत्तम पोहणारा. भरतीचं पाणी, वारा, आभाळ सगळं त्याला वाचता येई. मात्र मुशीला तो भीत असे. त्याच्या घरातली माणसं समुद्रावरून परत न आलेली, लहानपणापासून त्याने त्याच गोष्टी ऐकलेल्या. "माले काही माहीतच नव्हतं," नथुभाई म्हणाले. "तापीमा मगर व्हती, मुशी नही. म्हनीसन मी भ्यायनू नही. त्याले माहीत व्हतं, म्हनीसन तो भ्यायना."

जहाजाचा नांगर त्या खिंडीजवळ पोवळ्यात अडकला होता. तो सोडवायचं काम या दोघांकडे आलं. पहिल्या दिवशी उतरून जागा पाहून आले. दुसऱ्या दिवशी साखळी मोकळी करायला गेले. काम चाललं असताना खिंडीतून मुशी आल्या. राखाडी, पंखांची टोकं पांढरी. आधी लांबून फिरत होत्या. मग एक मोठी सरळ त्यांच्याकडे आली आणि दोघांच्या मधून निघून गेली. हात लांब केला असता तर तिच्या अंगाला लागला असता.

"डोळा दखा मी तिना. मांजरना ऱ्हास तसा. तिले आमनं काही पडेल नव्हतं."

ती गेली. नथुभाईंनी वळून पाहिलं तर गोपाळ पोवळ्याला पाठ लावून बसला होता आणि त्याच्या तोंडाशी बुडबुडे येत नव्हते. त्याने श्वास रोखून धरला होता. नथुभाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला, खूण केली, हळू, श्वास सोड. गोपाळने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदम लाथ मारून तो वर सुटला. नथुभाईंनी त्याचा घोटा पकडला. त्याने दुसऱ्या पायाने त्यांच्या तोंडावर लाथ मारली. डोळ्यांवरची काच सरकली, आत पाणी शिरलं, आणि हात सुटला.

ते स्वतः हळूहळूच वर आले. तसंच यावं लागतं. ते आले तोवर गोपाळला होडीत घेतला होता. त्याच्या ओठांवर लाल फेस होता. अंगावर ओरखडा नव्हता. जहाजापर्यंतही तो पोचला नाही.

"मी हात सोडा का सुटना, बाई? अजून माले समजत नही."

पाटातलं पाणी वाहत होतं. त्यांनी फावड्याने एक वाफा फोडला, दुसरा बांधला, परत येऊन बसले.

गोपाळला बेटावरच पुरलं. त्याची पेटी घेऊन नथुभाई मालवणला गेले. घरात आई एकटी. तिला त्यांनी हवेचं, फुग्याचं, श्वासाचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "वारो? वाऱ्यान माणूस कसो मरतलो?" मग तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "मुशीन खाल्ल्यान मा माझ्या झिलाक? खरा सांग."

नथुभाई म्हणाले, "होय."

तिने मान हलवली आणि डोळे पुसले. तिच्या सासऱ्याचं तसंच झालं होतं. हे मरण तिच्या ओळखीचं होतं. तिने नथुभाईंना जेवू घातलं, वाटेसाठी कोकमाची सोलं बांधून दिली. पुढे दोन पावसाळ्यांनी तीही वारली.

"मुशीनं काहीच कयं नव्हतं," नथुभाई म्हणाले. "मुक्या जनावरवर आळ घाली दिधा मी. अनं पानीनं बी काही कयं नव्हतं. भ्यावनं मारं त्याले." थोड्या वेळाने ते उठता उठता म्हणाले, "मंजुळानी बी मुठी आवळेल व्हत्यात. शेवटले तिले वर येवानं व्हतं, बाई. येता उनं नही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या मुलीला, कमलला, शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत पोहायला शिकवायला काढलं. पाठीला रिकामा डबा बांधून. गावात कुजबुज झाली, पण स्वतःची मुलगी, लहान आहे, म्हणून लोकांनी सोडून दिलं. मग नथुभाई म्हणाले, गावातल्या सगळ्याच पोरी शिकल्या पाहिजेत, सुनासुद्धा. आणि आग लागली.

सगळ्यांत जास्त तापले त्यांचे थोरले भाऊ बापूभाई. घर वेगळं असलं तरी कुटुंबात शब्द त्यांचा चाले. ते ओट्यावर आले, घाईत डावीकडे बसले, चूक लक्षात आल्यावर उठून उजवीकडे आले आणि म्हणाले, "आपला घरन्या पोरी, सुना, उघडा आंगनी विहिरमा उतरतीन? अनं तू त्यासना हात धरशी?"

"मोठाभाऊ," नथुभाई म्हणाले, "मंजुळाले कोन काढं?"

"तूच काढं."

"पुढलीले तू काढ."

बापूभाई उठून गेले. हो म्हणाले नाहीत, पण पुन्हा नाहीही म्हणाले नाहीत.

हात धरण्याची अडचण मात्र खरी होती. परक्याच्या सुनेला पुरुषाने कसं शिकवायचं? नथुभाईंनी त्यावर तोड काढली. आधी जमनाभाभींनी शिकायचं आणि मग त्यांनी बाकीच्यांना शिकवायचं. जमनाभाभी तेव्हा चाळिशीच्या जवळ, अंगाने भरलेल्या, आणि पाण्याला मांजरासारख्या भिणाऱ्या. कासोटा घट्ट मारून त्या विहिरीत उतरल्या त्या नवऱ्याला शिव्या देतच. दोर सोडायला तयार नाहीत. नथुभाई पाण्यातून सांगत, "सोड. हात सोड. छातीमा हवा शे, बुडाव नहीस तू." त्या ओरडत, "तुमलेच मासा खाई गया व्हता ते बरं व्हतं!" मी वरच्या पायरीवर बसून हसत होते, तर नथुभाईंनी वर पाहिलं. "बाई, तुम्ही बी उतरा."

मी उतरले. नाशिकला गोदावरीच्या काठी वाढले होते, पण घाटाच्या शेवटच्या पायरीपलीकडे कधी गेले नव्हते. जमनाभाभी माझ्या आधी तरंगल्या. उताण्या पडून, आभाळाकडे बघत, लुगड्याचा फुगा झालेला, अशा त्या थोडा वेळ निश्चल राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आग माय, मी हलकी शे!" नथुभाई तेवढं ऐकून पाण्याबाहेर आले आणि त्यानंतर त्यांनी त्या विहिरीत शिकवण्यासाठी पाय घातला नाही. पुढचं सगळं जमनाभाभींनी केलं.

निमित्त गोधड्यांचं असे. गोधड्या धुवायला म्हणून पोरी, सुना यायच्या, गोधड्या पायऱ्यांवर पडून राहायच्या. शाळेची बाई वर बसलेली आहे म्हटल्यावर सासवाही फारसं बोलत नसत. नथुभाई लांब, बांधाआड पाठ करून बसत. मधूनच त्यांचा आवाज येई, "श्वास सोडा! रोखू नका!" बापूभाईंची धाकटी सून शांता पहिल्यांदा आली ती सासूच्या नकळत. तिचे हात लांब, दम मोठा. त्या हंगामात तिच्यासारखी दुसरी कोणी पोहली नाही. तळाची माती मुठीत घेऊन वर यायची आणि जमनाभाभींच्या अंगावर फेकायची.

दोनेक वर्षं गेली. कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी एक पोरगी शाळेत धावत आली, शांताकाकू विहिरीत पडली म्हणून. मी निघाले तेव्हा नथुभाई माझ्यापुढे पळत होते. या वयात माणसाने पळू नये तसे. बापूभाईही मागून येत होते, त्यांचा फेटा सुटला होता.

आम्ही पोचलो तर शांता पाण्याजवळच्या पायरीवर बसली होती. नखशिखांत भिजलेली, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. जमनाभाभी आधीच तिच्याजवळ होत्या. तिला थंडी वाजत होती आणि ती संतापाने रडत होती.

"मराले बी येत नही आते!" ती जमनाभाभींवर ओरडली. "तुम्ही माले मरू बी दिधं नही! मी हात सोडी दिधा, तरी वर उनू. परत गऊ, परत वर उनू!"

वर उभ्या असलेल्या माणसांतल्या कोणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विरलं. नथुभाई पायऱ्या उतरून गेले. तिच्यापासून एक पायरी सोडून, तिचं बोलणं ऐकू येईल असे बसले. "बोल," म्हणाले. "काय व्हयनं?"

ती बोलली. सासू काय म्हणते, नवरा काय करतो, मुलगी झाली तेव्हा काय झालं. सगळं. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे वर उभ्या असलेल्यांना एकूणएक शब्द ऐकू येत होता. बापूभाईंनाही. ते काठावर उभे होते आणि खाली बघत होते. एरवी घरात सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानी पडायचा नाही, अशी त्या घराची रीत.

तिचं बोलून झालं. नथुभाईंनी तिला उठवलं, आपलं उपरणं दिलं, आणि सगळे वर आले. ते भावासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"मोठाभाऊ, इले आते पानी लेवाव नही. तुलेच सांभाळनी पडी."

बापूभाईंच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही. त्यांनी आपला सुटलेला फेटा काखेत धरला आणि सुनेला म्हणाले, "चाल, बेटा." ती त्यांच्यामागून चालत गेली.

सगळं एकदम गोड झालं असं नाही. सासू बदलली नाही. पण बापूभाईंनी शांताच्या नवऱ्याचं शहाद्याला वेगळं बिऱ्हाड करून दिलं, त्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावलं आणि दर बाजाराला ते स्वतः जाऊन सुनेच्या हातचं खाऊन येत. मी गावात असेपर्यंत नथुभाईंना त्या विहिरींतून पुन्हा कोणाला काढावं लागलं नाही. याचं श्रेय कोणाचं, ते मी सांगू शकत नाही. गावाने ते कोणालाच दिलं नाही.

साठचं दशक संपत आलं आणि माझी बदली नवापूरच्या बाजूला, चिंचपाड्याजवळ झाली. सामान बैलगाडीत घालून नथुभाई स्वतः मला शहाद्याच्या स्टँडवर सोडायला आले. जमनाभाभी आदल्या दिवशीच रडून घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. वाटभर ते उसाबद्दल बोलले, केळीवरच्या रोगाबद्दल बोलले. स्टँडवर गर्दी होती, कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता आणि बस उशिरा होती. आम्ही माझ्या ट्रंकेवर बसलो.

काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "नथुभाई, ते बेट पुन्हा बघावंसं वाटतं का कधी?"

मला वाटलं, ते गोपाळचं काही बोलतील किंवा विषय बदलतील. ते म्हणाले, "पहिला दिवसनं तुमले सांगं नही मी."

पहिल्या दिवशी, जागा पाहायला उतरले तेव्हा, पाणी इतकं स्वच्छ होतं की आपण हवेत लटकतोय असं वाटत होतं. पोवळ्याच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. जांभळं, केशरी, पोपटी. बाकीचे रंग कसले, ते सांगायला त्यांना शब्द सापडेना. "आपली बोलीमा त्या रंगसले नावच नही, बाई." मग खिंडीतून मुशींचा घोळका आला, पुष्कळ, एकामागे एक, आणि वळणावर सगळ्या एकदम वळल्या. तेव्हा नथुभाईंना हसू आलं. भीतीचं नव्हे, नुसतं हसू, शेतात पहिल्यांदा पाणी आल्यावर पोरांना येतं तसं. पाण्याखाली हसता येत नाही. तोंडातली नळी सैल झाली, पाणी आत गेलं, ठसका लागला. त्यांनी घाबरून गोपाळकडे पाहिलं.

"तोबी हसी ऱ्हायंता," ते म्हणाले. "त्यान्हा बी मुखमा पानी गयं. दोन्ही जन खोकलनूत, दोन्ही जन हसनूत. मुशी समोर फिरी ऱ्हायन्यात, अनं आम्ही दोन्ही येडासारखा."

एवढ्यात बस आली. त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा बजावलं की बाईंना नवापूरला नीट उतरव. मी खिडकीत बसले.

बस हलली तेव्हा ते रस्त्यापलीकडे, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत, आपल्या बैलांपुढे घमेलं धरून त्यांना पाणी पाजत उभे होते. बैल पीत होते आणि नथुभाई एकटेच हसत होते.